कपाटामागची फळी

हिराजीकाका, तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण माझा स्वभाव तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. "इंजनेरबाय, तुझं नाक लय वर हाय," असं तुम्ही मला भर रस्त्यात सुनावलं होतंत. मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्ट आहे, हे मी तुम्हाला नऊ वर्षं सांगत राहिले आणि तुम्ही नऊ वर्षं मला इंजनेरबायच म्हणत राहिलात.

वाचनालयाला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. उद्या तुमचं तेरावं झालं की रमाकांत त्या जागेचं काय ते ठरवणार आहे. तुमचाच मुलगा तो, एकदा ठरवलं की बदलत नाही. त्याच्याशी काय बोलावं हे तुम्हालाच विचारायला हवं होतं. तुम्ही नाही आहात म्हणून हे लिहितेय.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो, तेव्हा आमची बिल्डिंग आणि शेजारची बिल्डिंग यांच्यामध्ये ती पट्टी होती. पुढून अकरा फूट रुंद, आत चाळीस-बेचाळीस फूट लांब, मागे नाला आणि नाल्यापलीकडे तुमचं उरलंसुरलं मिठागर. दोन्ही बाजूंच्या जमिनी तुम्ही विकल्यात आणि मधली ही पट्टी तेवढी राखून ठेवलीत. बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, म्हातारा आडमुठा आहे, बिल्डरची जिरवायला ठेवलीय. मी तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "पान्याची वाट हाय ती." मला वाटलं, म्हातारी माणसं बोलतात तसं काहीतरी बोलताय.

आमच्या तळमजल्यावरच्या कर्णिकबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. घरातल्या दोन ट्रंका गॅलरीत मांडून त्या सगळ्यांना पुस्तकं वाचायला द्यायच्या. मुंबई सोडून आलेली आम्ही सगळी माणसं. इथे पाण्याचे वांधे, दिव्यांचे वांधे, पण पुस्तकांची तहान मात्र तीच. जागा मागायला आम्ही दोघी तुमच्याकडे आलो. तुम्ही ओट्यावर बसला होतात. कर्णिकबाईंनी शाळेत बोलतात तसं लांबलचक भाषण केलं. ते संपल्यावर तुम्ही म्हणालात, "पोरं वाचतील तं वाचूंदे. कागद-बिगद नको, मी हाय ना." तेव्हा तुमच्या त्या 'मी हाय ना'चा मला केवढा आधार वाटला होता. आज तेच तीन शब्द मला झोपू देत नाहीत.

जागा मापायला आपण दोघं गेलो. मी टेपनं मापली, तुम्ही पावलांनी. पुढची रुंदी अकरा फूट आली, म्हणून मी मागचीही अकराच धरली आणि नकाशा काढून मोकळी झाले. तुम्ही नकाशा उलटा धरून बघितलात आणि म्हणालात, "मागं दीड फूट कमी हाय. बांध तिरका होता." मी हसले. दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन मापलं, तर साडेनऊ फूट. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, तुम्हीही नाही सांगितलीत. शहाणी असते तर मी तिथेच धडा घेतला असता.

काका, ते माझं पहिलं काम होतं. ऑफिसात मी साहेबांच्या नकाशांवर नुसत्या शौचालयांच्या फरशा आखत होते. ही अकरा फुटांची फट मला देवानं दिल्यासारखी वाटली. दोन्ही बाजूंना भिंती, खिडकीला जागा नाही, आणि त्यात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, शहाभाई, हात जोडून सांगायला आलेले, "बहनजी, हमारी खिडकी के ऊपर नहीं जाना. हवा बंद हो जाएगी." म्हणजे जमिनीपासून एकंदर उंची चौदा फूट, त्यावर एक इंच नाही. मी त्या चौदा फुटांत दोन मजले बसवले. खाली पुस्तकं आणि मुलं, वर पोटमाळ्यावर बसून वाचायची जागा आणि छताला लांबच्या लांब काचेची फट, म्हणजे दिवसभर वरून उजेड. तो पोटमाळा मी सतरा वेळा काढला असेल. आजही सांगते, त्याहून चांगलं मी काही काढलेलं नाही.

आणि तुम्ही म्हणालात, "बाय, जोतं कमरंएवरं कर."

आपलं ते भांडण वाळूच्या ढिगाऱ्यावर उभं राहून झालं, आठवतंय ना? जोतं तीन फूट उचललं असतं तर पोटमाळा गेला असता, कारण वर शहाभाईंची खिडकी. मी तुम्हाला हिशेब करून दाखवला. तुम्ही म्हणालात, "वर बसून वाचशील, आन खाली पाय भिजतील." मी म्हटलं, काका, आता इथे भराव झालाय, रस्ता झालाय, गटार झालंय, तुमचं मिठागर गेलं. तुम्ही म्हणालात, बरं, मागच्या भिंतीला खाली एक भोक तरी ठेव, उघाडीसारखं. मिठागराच्या बांधाला पाणी आत घ्यायला आणि सोडायला जी फळी लावायची खाच असते, ती उघाडी, हे मला तेव्हा तुम्हीच शिकवलंत. मी म्हटलं, वाचनालयाच्या भिंतीला भोक? उंदीर येतील. पेन्सिल माझ्या हातात होती. जोतं एक फूट झालं आणि मागची भिंत बंद झाली.

उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही आत येऊन त्या उजेडाच्या फटीखाली उभे राहिलात. टोपी काढलीत, वर बघितलंत. "उजेड बराबर पारलास, बाय," म्हणालात. त्यानंतर मला बक्षिसं मिळाली नाहीत अशातला भाग नाही, पण त्या एका वाक्याची सर कशालाच आली नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात उधाण आलं. बाहेर मुसळधार पाऊस, त्यात भरती, खाडीचं पाणी गटारातून उलटं वर चढलं आणि आपल्या दारातून आत शिरलं. कर्णिकबाईंनी पाच वाजता कुलूप उघडलं तेव्हा बाहेरची भरती केव्हाच उतरली होती, पण आत वीतभर पाणी तसंच उभं होतं. उंबऱ्यानं अडवलेलं. मागून जायला वाट नव्हती. खालच्या फळीवर मुलांची पुस्तकं. मुलांचा हात पोचावा म्हणून ती फळी मी मुद्दाम जमिनीलगत घेतली होती, त्याचंही सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

तुम्ही हातगाडीवर गावातल्या विहिरीचं गोडं पाणी घेऊन आलात. दोन ड्रम. आमच्या बिल्डिंगला तेव्हा दिवसाआड टँकर यायचा, बादलीभर पाण्यासाठी बायका भांडायच्या, आणि तुम्ही ते ड्रम दारात ठेवून म्हणालात, "पुस्तकं आधी या गोऱ्या पान्यात बुडव. मग सुकव."

मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. "भिजलेली पुस्तकं पुन्हा भिजवायची? काका, हे मीठ नाही, कागद आहे."

"मीठच हाय, म्हनून सांगतो. खारं पानी सुकत न्हाय, बाय. वरून सुकतं, आतून न्हाय."

कर्णिकबाईही माझ्याच बाजूनं. आम्ही पुस्तकं गच्चीवर नेली, पंख्याखाली मांडली, पानापानात वर्तमानपत्रं घातली. आणि तुमच्या त्या दोन ड्रमांनी आम्ही फरशी धुतली. तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. फरशी धुऊन झाल्यावर तुम्ही रिकामे ड्रम हातगाडीवर ठेवलेत आणि गेलात. एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर मी भांडले असते, आणि कदाचित भांडता भांडता ऐकलं असतं.

ती पुस्तकं सुकली. पण दर पावसाळ्यात पुन्हा ओली व्हायची. पाणी नाही, काही नाही, नुसती हवा दमट झाली की पानं चिकट, हाताला ओलसर. कर्णिकबाई त्यांना टाल्कम पावडर लावायच्या. सहा वर्षं त्या पावडर लावत होत्या आणि मी त्यांना पुस्तकांना चांगला वास येतो म्हणून चिडवत होते. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात, माझी तर विनाश झाल्यावरही तशीच राहिली.

पण पाणी पुन्हा आलं नाही. हेच तर मी सगळ्यांना सांगत होते. ऑफिसातल्या साहेबांना घेऊन आले होते एका रविवारी. त्यांनी विचारलं, इतकं खाली जोतं, पाण्याचं काय? मी ऐटीत म्हणाले, "पहिल्या वर्षी गटार तुंबलं होतं म्हणून आलं. नंतर एकदाही नाही." तुम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर, नेहमीच्या जागी, होड्यांच्या चित्रांचं पुस्तक घेऊन बसला होतात. साहेबांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवलीत. होय म्हणून. काका, तुम्ही होय म्हणून मान हलवलीत.

रविवारी मी यायचे तेव्हा फरशी नेहमी लख्ख पुसलेली असायची. तुम्हाला टापटीप आवडते, असं मी धरून चालले होते.

आषाढात तुम्हाला ताप आला. छातीत कफ भरला, दवाखान्यात ठेवलं. मी शनिवारी आले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती आणि बोलताना धाप लागत होती. तुम्ही माझा हात धरलात. याआधी कधी धरला नव्हतात. म्हणालात, "आवसेला वाचनालयात जा. दुपारचं जा. न्हाय इसरू."

मी म्हटलं, जाते काका, नक्की जाते. दिव्यांची अवस जवळ आली होती. मला वाटलं, उंबऱ्यावर दिवा लावायचा असेल, नारळ फोडायचा असेल. दर वर्षी तुम्ही नारळी पुनवेला फोडायचातच. देवाधर्माचं माणूस, शेवटी तेच आठवणार, असा विचार करत मी घरी आले. जरा हसूसुद्धा आलं होतं मला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

अवसेला ऑफिसातून निघणं काही जमलं नाही. दुपारचं काय आणि संध्याकाळचं काय, म्हणत मी कर्णिकबाईंना फोन केला आणि सांगितलं की वाचनालय उघडाल तेव्हा काकांच्या नावानं एक नारळ फोडा, दिवा लावा. त्यांनी नारळ आणला, निरांजन आणलं. पाच वाजता कुलूप उघडलं तर आत वीतभर पाणी. खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं फुगून वर आलेली.

मी रात्रीपर्यंत पोचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागचं कपाट सरकवलं, पाणी कुठून काढता येईल ते बघायला. आणि कपाटामागे, भिंतीला खाली, अगदी जमिनीलगत, हातभर रुंद भोक होतं. नीट सिमेंटनं कडा केलेलं. दोन्ही बाजूंना खाचा आणि खाचांत बसवलेली सागवानी फळी, वर धरायला सुतळीचा फास. उघाडी. माझ्या भिंतीत तुम्ही उघाडी केली होती.

कपाटाच्या पाठीवर कोळशाच्या आडव्या रेघा होत्या, दर उधाणाच्या पाण्याची एक. एकावर एक. किती होत्या ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. सगळ्यात वरची माझ्या गुडघ्याला लागते.

मी त्या चिखलपाण्यातच बसले. कर्णिकबाई म्हणाल्या, अगं साडी. मी ओरडले त्यांच्यावर. त्यांचा काय दोष?

रमाकांतकडे गेले. तो ओट्यावरच बसला होता, तुमच्या जागी. मी विचारलं, तुला ठाऊक होतं?

"आमच्या गावात सगल्यांना ठाऊक हाय," तो म्हणाला. "पावसालाभर, अवस आली, पुनव आली, की बाबा दुपारचे त्यांची किल्ली घेऊन तिथं. पुस्तकं वरती करायचे, पानी आत आलं की बसून राहायचे, ओहोटी लागली की फळी काढायचे. मग फरशी पुसायचे. मी बोललो, कनाला जाता बाबा, या वयात? सांगा ना त्या बाईंना, जोतं वर करतील." मग तो आमच्यासारखं बोलू लागला, जसा तो परक्यांशी बोलतो. "बाबा म्हणाले, तिला नको सांगू. तिचं पहिलं काम आहे."

तो पुढे म्हणाला, गुरुपौर्णिमेच्या दुपारी पाऊस जोरात होता, बाबा तीन तास पाण्यात होते, संध्याकाळी थंडी वाजून आली. त्यानं हे कोणावर ढकलायला म्हणून सांगितलं नाही. नुसतं सांगितलं. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

सत्तरी उलटलेला माणूस सहा पावसाळे माझी चूक पुसत होता आणि मी वर पोटमाळ्यावर बसून लोकांना उजेड दाखवत होते. मला राग येतो तो याचा. एकदा तरी चारचौघांत म्हणायचं होतंत, बाय, तुझं जोतं चुकलं. मी तणतणले असते, आठ दिवस बोलले नसते. पण तुम्ही आज ओट्यावर असतात. माझं नाक वर ठेवायला तुम्ही तुमची छाती दिलीत, आणि मला विचारलंही नाहीत की हा सौदा तुला चालेल का. मला चालत नाही, काका. मला मुळीच चालत नाही.

रमाकांत म्हणाला, दोन्ही सोसायट्या मागे लागल्यात, मधे गेट करून रस्ता काढायचा म्हणतात. "बाबा होते म्हणून चाललं, बाई. आता दर उधाणाला कोण जाणार? तेराव्यानंतर बघू." मी म्हटलं, जोतं उचलते, नवा नकाशा काढून देते. तो म्हणाला, आणा. एवढंच.

तो नकाशा माझ्यासमोर आहे. जुन्याच ट्रेसिंगवर काढतेय. पोटमाळ्याच्या रेघा ब्लेडनं खरवडून काढल्या. शाई ट्रेसिंगवरून तशीच काढावी लागते, हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो. दोन ठिकाणी फाटला. जुनं फूटभर जोतं, त्यावर तुमच्या वरच्या रेघेची उंची आणि त्यावर वीतभर जास्त धरली. बरोबर कमरेएवढी आली. एकच खोली उरली आहे, साधी, शाळेच्या वर्गासारखी. उजेडाची फट मात्र ठेवली आहे.

काल आमच्याकडे नळाला पाणी आलं होतं. मी दोन बादल्या भरल्या आणि फुगलेल्या पुस्तकांतलं एक त्यात बुडवलं. कर्णिकबाई बघत होत्या. पुस्तक काढल्यावर मी बादलीतलं पाणी बोटानं चाखलं. खारट होतं. दुसरी बादली, ती कमी खारट. आणखी दोन भरल्या, अशा चार बादल्या लागल्या. मग शेवटचं पाणी गोडं लागलं. त्याच पाण्यांत एकामागून एक बुडवली असती, तर तुमचे दोन ड्रम सगळ्या पुस्तकांना पुरले असते.

नकाशा रमाकांतला आवडेल की नाही, माहीत नाही. आवडला तरी काम दिवाळीनंतरच सुरू होईल, आणि त्याआधी उधाणं येणारच. आठ दिवसांवर नारळी पुनव आहे. मी रजा टाकली आहे. सकाळी अकरालाच जाऊन खालच्या फळ्या रिकाम्या करीन, तेवढं मला जमेल. पाणी दारातून आत येईल तेव्हा घाबरणार नाही. पण ती मागची फळी लवकर काढली तर नाल्याचं पाणी तिकडूनही आत येईल आणि उशिरा काढली तर आतलं तुंबून राहील. भरती थांबली आणि ओहोटी लागली, तो मधला क्षण तुम्ही कसा ओळखायचात? रमाकांतला विचारलं, त्याला येत नाही. तो म्हणाला, बाबांना कळायचं.

मी गुडघाभर पाण्यात सुतळीचा फास हातात धरून उभी असेन, काका. फळी कधी काढायची?